चकव्याची तिसरी मिती

दोन सुतांचा पोलादी छर्रा आतल्या तिसऱ्या-चौथ्या वळणापर्यंत खडखडत गेला, तेथे थांबला, आणि ठोकळा उलटा केला, आडवा केला, तळहातावर आपटला, तरी जागचा हलला नाही. थेरगावातील आमच्या घरी, डांगे चौकातील वाहनांचा कल्लोळ ओसरून दुसऱ्या पाळीच्या कंपनी-बसगाड्या माघारी येण्याची वेळ झाली असताना, जेवणाच्या टेबलाभोवती बसून आम्ही तिघे त्या पांढऱ्या प्लास्टिकच्या ठोकळ्याला आळीपाळीने कान लावीत होतो. ठोकळा माझ्या भाचीने केलेला. ती चाकणकडील एका टूलरूममध्ये साच्यांची ड्रॉइंगे करते. सुट्टीच्या दिवसांत तिने आपल्या धाकट्या भावासाठी संगणकावर एक बंदिस्त, पाच मजली भुलभुलैया रचला, आणि थरावर थर चढवून वस्तू घडविणाऱ्या थ्री-डी प्रिंटरवर तो छापून आणला. वरच्या छिद्रातून छर्रा टाकावयाचा, आणि ठोकळा हातात फिरवीत, आत काही दिसत नसता केवळ आवाजाच्या अनुरोधाने, तो खालच्या छिद्रातून बाहेर काढावयाचा, असा तो खेळ. पडद्यावर छर्रा जात होता. हातात तो जाईना.

मी स्वतः पिंपरीच्या एका कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसची नोकरी केली. टी-स्क्वेअर, ट्रेसिंग पेपर, शाईची पेने आणि चुकलेली रेघ खरवडण्यासाठी दाढीचे अर्धे पाते, एवढा आमचा सरंजाम. वस्तू समोरून कशी दिसते, वरून कशी दिसते आणि बाजूने कशी दिसते, अशी तीन चित्रे कागदावर काढावयाची, आणि त्या तिहींवरून प्रत्यक्ष वस्तू मनात उभी करण्याचे काम खाली शॉपमध्ये उभ्या असलेल्या कारागिराच्या बुद्धीवर सोपवावयाचे, असा त्या काळचा शिरस्ता होता. तिसरी मिती कागदावर कधी नव्हतीच, ती वाचणाऱ्याच्या डोक्यात असे. त्या सवयीने मी व्हर्निअर घेऊन ठोकळ्याच्या तोंडाशी दिसणाऱ्या भिंतीची जाडी घेतली. ती ड्रॉइंगप्रमाणे बरोबर १.२ मिलिमीटर भरली. भाची म्हणाली, "मामा, भिंती नका मोजू. वाट मोजा."

एवढ्या साध्या वाक्याने माझा आयुष्यभराचा दृष्टिकोन उलटा झाला, असे म्हटल्यास त्यात अतिशयोक्ती नाही. रेघ म्हणजे भिंत, रेघ म्हणजे धातूची कड, आणि जेथे रेघ नाही तेथे काहीच नाही, असे मी जन्मभर मानीत आलो होतो. परंतु भुलभुलैया रचणारा माणूस भिंतींना केवळ निमित्त म्हणून वापरतो. त्याला रचावयाची असते ती पोकळी, आणि ती पोकळी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड असली पाहिजे, एवढीच त्याची खरी जबाबदारी होय. वाट शोधणे आणि वाट रेखणे या दोन्ही क्रियांना मराठीत 'वाट काढणे' हा एकच वाक्प्रचार चालतो, हे मला त्या रात्री प्रथमच जाणवले.

हा विषय आपल्याकडे परका नाही. रानात रात्रीच्या वेळी चालणारा माणूस पुनःपुन्हा त्याच बांधाशी, त्याच झाडाशी येऊन उभा राहिला, म्हणजे त्याला चकवा लागला असे आपल्या खेड्यांतून म्हणतात, आणि चकव्याचे हे भय ज्याने लहानपणी ऐकलेले नाही असा ग्रामीण मराठी माणूस विरळा. मात्र चकवा आणि चक्रव्यूह यांत एक भेद आहे, आणि तो प्रथम ध्यानी घेतला पाहिजे. दगडांच्या वलयांनी जमिनीवर आखलेल्या पुरातन चक्रव्यूहांत फाटे नसतात. वाट एकच असते, ती वळणे घेत घेत, कधी केंद्राच्या अगदी जवळ येऊन पुन्हा परिघाकडे ढकलली जात, शेवटी मध्यावर पोहोचते, आणि चालणारा थकला तरी चुकत नाही. सोलापूर जिल्ह्यातील बोरामणीच्या माळरानावर अशा प्रकारची दगडी रचना असल्याचे २०२५च्या अखेरीस प्रसिद्ध झाले. तिची वलये १५, तिचा विस्तार सुमारे ५० फूट, आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजशी संबंधित संशोधक सचिन पाटील यांनी तिचा अभ्यास करून ती सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची, म्हणजे सातवाहनांच्या काळातली असावी असे मत मांडले. माळढोक आणि लांडगे यांचा वावर असलेल्या त्या गवताळ रानात, गुडघ्याएवढीही उंची नसलेल्या दगडांच्या ओळी इतकी शतके टिकून राहाव्यात, ही गोष्ट मला किल्ल्यांच्या तटबंदीपेक्षाही अधिक हृद्य वाटते.

कर्नाटकात हळेबीडच्या होयसळेश्वर मंदिरावर बाराव्या शतकातील जे शिल्प आहे, त्यात अभिमन्यूचा चक्रव्यूह याच जातीच्या वलयाकृतीने दाखविला आहे. यावरून मनात एक विचार येतो. वाट एकच असेल तर जो आत गेला त्याला त्याच पावली बाहेर येता आले पाहिजे. मग अभिमन्यू का अडकला? महाभारतकारांनी त्याचे उत्तर देऊन ठेवले आहे. त्याच्या मागोमाग शिरू पाहणाऱ्या पांडवांना जयद्रथाने व्यूहाच्या तोंडाशीच अडविले. व्यूहाच्या भिंती माणसांच्या होत्या, आणि माणसांच्या भिंती मागून मिटतात. दगडाची भिंत असे करीत नाही, आणि संगणकातील भिंतही आज्ञेशिवाय करीत नाही.

दुसरा प्रकार फाट्यांचा, ज्याला आपण भुलभुलैया म्हणतो. तो कागदावर कसा निर्माण करतात याची रीत इतकी सुंदर आहे की ती तपशिलाने सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. चौकटीच्या वहीवर दहा घरे लांब आणि दहा घरे रुंद असा चौरस घ्यावा. प्रत्येक घर ही एक खोली, आणि प्रत्येक दोन शेजारी खोल्यांमध्ये एक भिंत. अशा १०० खोल्यांमध्ये आतल्या भिंती १८० होतात. आता चिठ्ठी टाकून कोणतीही एक भिंत निवडावी आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या खोल्या आधीच कोणत्या तरी वळणावळणाच्या मार्गाने एकमेकींना जोडल्या गेल्या आहेत काय, हे पाहावे. जोडल्या असतील तर भिंत कायम ठेवावी. नसतील तर पाडावी. सर्व भिंतींचा असा निवाडा होईपर्यंत हे करीत राहावे. ज्या क्रमाने चिठ्ठ्या निघतील त्या क्रमाने चित्र निराळे होईल, परंतु पाडलेल्या भिंती प्रत्येक वेळी नेमक्या ९९ आणि उरलेल्या ८१ असतील, त्यात एकाचाही फरक पडणार नाही; कारण शंभर खोल्या एकत्र जोडण्यासाठी नव्व्याण्णव दारे पुरतात, आणि शंभरावे दार उघडले की कोठे तरी वाट स्वतःलाच येऊन मिळते. अशा आकृतीला गणितात वृक्ष म्हणतात. कोणत्याही खोलीतून कोणत्याही खोलीकडे जाणारी वाट तीत एक आणि एकच असते.

ही रीत भुलभुलैयांसाठी कोणी शोधून काढलेली नाही. १९२६ साली ओटाकर बोरुव्का या गणितज्ञाने मोराव्हिया प्रांतातील गावांना विजेच्या तारांनी कमीत कमी खर्चात कसे जोडावे, या प्रश्नाचा विचार करताना तिचा पाया घातला. पुढे अमेरिकेत क्रुस्कल यांनी १९५६ मध्ये आणि प्रिम यांनी १९५७ मध्ये तिला आजचे प्रचलित रूप दिले. गावे जोडण्याची किफायतशीर युक्ती माणसांना चकविण्याच्या कामी यावी, यात विसंगती आहे असे प्रथम वाटते. पण जोडणी जितकी काटकसरीची, तितकी वाट चुकण्याची शक्यता अधिक, हे ज्याने एकाच फाट्यावर विसंबलेल्या वस्तीत आयुष्य काढले आहे त्याला सांगावे लागत नाही.

भाचीचा ठोकळा पाच खोल्या लांब, पाच रुंद आणि पाच उंच, म्हणजे १२५ खोल्यांचा आहे. येथे प्रत्येक खोलीला चार बाजूंखेरीज जमीन आणि छत हेही शेजार मिळतात, म्हणून आतल्या भिंती, छते धरून, ३०० होतात. त्यांतून १२४ पाडल्या की १७६ उरतात. हिशेब सोपाच आहे, परंतु त्याचा परिणाम सोपा नाही. कागदावरच्या साध्या भुलभुलैयात उजवा हात भिंतीला लावून तो न उचलता चालत राहिले की माणूस केव्हा ना केव्हा बाहेर पडतो, ही युक्ती पुष्कळांना ठाऊक असते. मजल्यांच्या भुलभुलैयात ती निरुपयोगी ठरते, कारण छतात आणि जमिनीत दारे असलेल्या खोलीत 'उजवी भिंत' या शब्दांना निश्चित अर्थच उरत नाही. तेथे एकोणिसाव्या शतकातील त्रेमो या फ्रेंच गृहस्थाची रीत उपयोगी पडते. ज्या वाटेने जाल त्या वाटेवर खूण करीत जा, जुन्या ठिकाणी नव्या वाटेने पोहोचलात तर मागे फिरा, आणि जिच्यावर दोन खुणा झाल्या तिच्यात पुन्हा पाऊल टाकू नका. लांबलचक, नागमोडी वाटांचा भुलभुलैया रचावयाचा असल्यास संगणकही याच धर्तीने आंधळेपणी पुढे सरकत, कोंडी झाली की एक पाऊल मागे येत, भिंती पाडीत जातो. रचण्याची आणि सुटण्याची रीत मुळात एकच असावी, हे मला या साऱ्या शास्त्रातील सर्वांत रम्य स्थळ वाटते.

आता कागदावरील आकृती घनरूप कशी होते ते पाहू. डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रथम एका प्रतलावर रेषा काढतात, त्याला स्केच म्हणतात. त्या रेषांना जाडी देऊन त्या वर उचलल्या, म्हणजे एक्स्ट्रूड केल्या, की भिंती उभ्या राहतात. नवशिके सर्व याच मार्गाने जातात, आणि उघड्या, एकमजली भुलभुलैयाला तो पुरतोही. दुसरा मार्ग याच्या अगदी उलट आहे. भरीव ठोकळा प्रथम घ्यावयाचा, वाटेच्या आकाराचा एक निराळा घन करावयाचा, आणि पहिल्यातून दुसरा वजा करावयाचा. पहिल्या रीतीत माणूस गवंडी असतो. दुसरीत तो पाथरवट असतो.

महाराष्ट्रात हा दुसरा मार्ग संगणकाची वाट पाहत थांबला नव्हता. वेरूळचे कैलास लेणे आठव्या शतकात राष्ट्रकूटांनी डोंगराच्या माथ्यापासून खाली कोरीत आणले. तेथे काही रचलेले नाही, जे नको ते काढून टाकले आहे. तेथून जवळच देवगिरीचा दुर्ग आहे, ज्याला यादवांनी आपली राजधानी केले आणि ज्याचे नाव चौदाव्या शतकात मुहम्मद तुघलकाने दौलताबाद ठेवले. त्या दुर्गाच्या टेकडीचे कडे खालच्या अंगाने तासून उभे भिंतीसारखे केले आहेत, पायथ्याशी खंदक आहे, आणि खंदक ओलांडल्यावर वर जाण्यास एकच मार्ग उरतो, तो डोंगराच्या पोटातून. त्याला अंधारी म्हणतात. तरुणपणी मी तेथे गेलो असता वाटाड्याने मध्यावर आपली मशाल एका कोनाड्याआड धरली, आणि तत्क्षणी वटवाघळांचा उग्र दर्प, पायांखालच्या ओबडधोबड पायऱ्या आणि हाताला लागणारा गार काळा पाषाण, एवढेच जग शिल्लक राहिले. मी पाच-सात पावले चाललो, वळण आले असे वाटून वळलो, आणि कपाळ दगडाला लागले. वरच्या तोंडावर लोखंडी झाकण टाकून त्यावर निखारे पेटवीत व शत्रूला धुराने कोंडीत, असे त्याने सांगितले. त्या अंधारात भिंत कोठे आहे हे कळणे कठीण नव्हते, ती सर्वत्र होती. कळत नव्हते ते एवढेच, की ती कोठे नाही.

लखनौच्या बड्या इमामबाड्याची कथा आणखी निराळी आहे. नवाब आसफुद्दौला याने १७८४ साली दुष्काळी काम म्हणून तो इमला उभारविला, आणि किफायतुल्ला या स्थपतीने सुमारे ५० मीटर लांबीचे दालन एकाही तुळईवाचून कमानींच्या छताने झाकले. एवढ्या छताचा भार पेलणाऱ्या जाड भिंती आणि वरचा मजला भरीव ठेवला असता तर वजन असह्य झाले असते, म्हणून त्यांत जागोजाग पोकळ्या, जिने आणि बोळ सोडले गेले. एकमेकांसारखे दिसणारे ४८९ दरवाजे असलेला तेथील प्रख्यात भुलभुलैया म्हणजे वजन हलके करण्याच्या तरतुदीचे फलित होय, असे जाणकार सांगतात. आमच्या भागातील साचे करणारी मंडळी प्लास्टिकच्या जाड भागांना आतून पोकळ करतात तेव्हा त्यांच्यापुढे नेमका हाच प्रश्न असतो, फक्त टन जाऊन तेथे ग्रॅम येतात.

पोकळी घडविण्याचे कसब या औद्योगिक पट्ट्यात नित्याचे आहे, आणि याचे मला कौतुक वाटते, कारण बाहेरच्यांना ते दिसत नाही. मोटारीच्या इंजिनाच्या ठोकळ्यात पाणी खेळावे म्हणून आत वळणावळणाच्या वाटा असतात. त्या कोरून काढता येत नाहीत. म्हणून फाउंड्रीत त्या वाटांच्या आकाराचा वाळूचा भरीव गाभा, ज्याला तेथे कोर म्हणतात, तो प्रथम तयार करतात, साच्यात बसवितात, भोवती धातूचा रस ओततात, आणि धातू थिजल्यावर वाळू फोडून झटकून टाकतात. जी वाट हवी ती आधी वस्तू म्हणून हातात घ्यावी आणि मग नाहीशी करावी, हा कोर करणाऱ्याचा हुन्नर. प्लास्टिकच्या साच्याला थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या वाटा आजवर सरळ ड्रिलने पाडीत, त्यामुळे त्या वस्तूच्या वाकणांजवळून जात नसत. धातूची भुकटी लेसरने थराथराने वितळवून साच्याचा भाग छापण्याची सोय झाल्यापासून त्या वाटा वस्तूच्या अंगालगत, तिच्या वळणाप्रमाणे नेता येतात. यंत्रांच्या फिरत्या दांड्यांवर तर 'लॅबिरिंथ सील' याच नावाचा भाग असतो. एकमेकांत गुंतलेल्या खाचांतून तेल बाहेर येऊ पाहते, धूळ आत शिरू पाहते, आणि वळणे घेता घेता दोघांचाही जोर संपतो. चकव्याचा इतका उपकारक उपयोग मला दुसरा माहीत नाही.

भाचीने ठोकळ्याचा आकार फ्रीकॅडमध्ये केला आणि चित्रण ब्लेंडरमध्ये. ही दोन्ही सॉफ्टवेअर विनामूल्य आहेत. ब्लेंडर हे टोन रोसेनडाल या डच गृहस्थाचे काम, जे २००२ साली लोकवर्गणीतून सर्वांना खुले झाले. चित्रण, ज्याला हे लोक रेंडर म्हणतात, त्यात संगणक एक कल्पित दिवा आणि एक कल्पित कॅमेरा घेऊन प्रकाशाचा किरण कोठे आपटतो, कोठे परततो, किती मंदावतो याचा हिशेब प्रत्येक ठिपक्यासाठी करतो. ज्यांनी विंडोज ९५ किंवा ९८च्या काळात कचेरीत काम केले आहे त्यांना, संगणक थोडा वेळ स्वस्थ ठेवला की पडद्यावर आपोआप सुरू होणारी लाल विटांच्या बोळांमधली ती अखंड भटकंती आठवत असेल. तेही त्रिमितीय भुलभुलैयाचे चित्रणच होते, फक्त त्यात सावल्या नव्हत्या. परंतु बंदिस्त ठोकळ्याचे चित्र काढावयाचे म्हणजे पेच पडतो. बाहेरून पाहिले तर नुसता पांढरा ठोकळा. आम्ही अशा वेळी ड्रॉइंगवर छेद घेत असू, आणि कापलेल्या भागावर तिरक्या रेघा ओढीत असू. पण पाच मजल्यांना पाच छेद घेतले, तरी वाट अखंड दिसेना. मग तिने भिंती काचेच्या केल्या. संगणक रात्रभर गुरगुरत राहिला, कारण प्रत्येक किरण कित्येक काचांतून वाकत जाणार; आणि सकाळी जे चित्र निघाले ते दिसावयास बर्फाच्या लादीसारखे देखणे, पण वाचावयास अशक्य असे होते.

शेवटी तिने भिंती सर्वस्वी दडवल्या आणि पोकळीलाच घनरूप देऊन शेंदरी रंगात रंगविले. पडद्यावर एखाद्या पोवळ्याच्या झाडासारखी, फांद्या फुटलेली, कोठेही स्वतःला न मिळणारी एक आकृती अधांतरी उभी राहिली. मघाशी गणितज्ञांचा वृक्ष म्हटले तो हाच. तोच फाउंड्रीतला कोर. आणि अंधारीत मशाल दडवल्यावर मी ज्यात चाचपडत होतो तीही हीच आकृती, फक्त तेव्हा मी तिच्या आत होतो.

मग छर्रा का अडकला? चित्रात दोष नव्हता. वाट ७ मिलिमीटर रुंद आणि तेवढीच उंच, छर्रा दोन सुतांचा, म्हणजे पाव इंच, ६.३५ मिलिमीटर, अर्ध्या मिलिमीटरहून अधिक मोकळीक ठेवलेली. दोष छपाईच्या स्वभावात होता. हे यंत्र प्लास्टिकची तार वितळवून तिचा बारीक धागा थरावर थर असा घालीत जाते, दर थर ०.२ मिलिमीटरचा. भिंत चढविताना प्रत्येक धाग्याला खालच्या धाग्याचा आधार असतो; छत घालताना खाली पोकळी असते, आणि वाटेच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत ओढलेला तो ऊन धागा थिजण्यापूर्वी किंचित खाली झोळ खातो. उघड्या वस्तूत अशा छताखाली तात्पुरते टेकू छापून मागाहून मोडून काढतात. बंदिस्त भुलभुलैयात टेकू घातले तर ते काढण्यास हात जाणार कोठून? वाट उंचीने जागोजाग उणी झाली होती, आणि हे संगणकाला ठाऊक असण्याचे कारण नव्हते, कारण पडद्यावरील छताला वजन नसते.

यावर जो उपाय निघाला तो ऐकून मला सिन्नरचा गोंदेश्वर आठवला. यादवकालीन मंदिरांत चुन्याच्या कमानी नाहीत. छत झाकावयाचे तर दगडाचा प्रत्येक थर खालच्या थरापेक्षा थोडा पुढे काढीत काढीत वरचे तोंड लहान करीत आणतात, आणि उरलेल्या लहानशा जागेवर शेवटचा दगड ठेवतात. थ्री-डी प्रिंटरचा नियम अक्षरशः हाच आहे. धागा खालच्या धाग्यापेक्षा थोडाच पुढे आला, म्हणजे उतार सुमारे ४५ अंशांपर्यंत राहिला, तर तो स्वतःला सावरतो. भाचीने वाटेच्या छताचे दोन्ही कोपरे तिरके भरून घेतले, आणि वाटेच्या रुंदीचा जो आकडा एका ठिकाणी नोंदलेला होता तो ७ऐवजी ८.५ केला. एवढे केल्याबरोबर साऱ्या १२५ खोल्या, सारी दारे आणि बाहेरचा ठोकळासुद्धा आपोआप फुगला, ४२.२ मिलिमीटरचा घन ४९.७चा झाला. भरलेले कोपरे वजा जाता आडव्या छताचा पट्टा साडेतीन मिलिमीटरच उरला. आमच्या काळी अशी एक सूचना आली असती तर तीन ट्रेसिंगे नव्याने काढावी लागली असती आणि दाढीची दोन पाती झिजली असती. मला त्याचे वैषम्य वाटत नाही. बदल करण्याचे श्रम इतके असत की आम्ही पहिल्याच वेळी फार विचार करीत असू, ही सवय मात्र टिकावी असे वाटते.

छापण्यापूर्वी आणखी एक जाबता पाळावा लागतो. आकृती यंत्राकडे पाठविताना तिचा पृष्ठभाग लहान लहान त्रिकोणांत फोडतात. चक हल या अमेरिकन संशोधकाला १९८६ साली पेटंट मिळालेल्या पहिल्या छपाई-यंत्राबरोबर ही पद्धत रूढ झाली, आणि अजून तीच चालते. त्रिकोणांची ही कातडी सर्वत्र बंद असली पाहिजे. एखादा त्रिकोण गळाला, तर आत कोणते आणि बाहेर कोणते याचा यंत्राला उलगडा होत नाही, आणि भुलभुलैयात तर आत-बाहेर हा प्रश्न पावलोपावली येतो, कारण वाट ही ठोकळ्याच्या आत असूनही हिशेबाने बाहेरच असते. भाचीने तपासणी करून दोन ठिकाणच्या फटी बुजविल्या. त्यानंतर सुमारे अडीचशे थर चढत गेले. मी काही वेळ शेजारी उभा राहून पाहिले. प्रत्येक थराला त्या मजल्याचा नकाशा क्षणभर उघडा पडत होता, आणि पुढच्या थराखाली कायमचा झाकला जात होता. भिंती कोठे आहेत हे मला आता पाहावेसे वाटत नव्हते, डोळा आपसूक रिकाम्या जागांमागे धावत होता.

ठोकळा निघाला तो अजून कोमट होता. भाच्याने वरून छर्रा टाकला, डोळे मिटून घेतले, आणि ठोकळा कानाशी धरून सावकाश कलता केला. खुळखुळ, मग थांबा. त्याने मनगट वळविले. आतून एक टप्, म्हणजे छर्रा एक मजला उतरला. आम्ही कोणी बोललो नाही. एकदा तो कोंडीत शिरला, हे आम्हा सर्वांना त्या बोथट आवाजावरून कळले, आणि पोराने ठोकळा उलटा करून त्याला परत वर आणले. पुन्हा टप्. स्वयंपाकघरात माझ्या बहिणीने भांडी घासणे थांबविले होते. बऱ्याच वेळाने खालच्या छिद्रातून छर्रा निसटला, टेबलावरच्या स्टीलच्या ताटात खणकन पडला, आणि ताटाच्या काठाकाठाने दोन फेरे घेऊन स्थिर झाला.